अमेरिकेतलं कॉलेज टेनिस: कुठले नियम कोचला बांधतात आणि कुठले तुमच्या मुलाला

पुणे, कोल्हापूर, नाशिक, कुठल्याही टेनिस कोर्टाबाहेर थांबलेल्या पालकांच्या गप्पा ऐका. मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की विषय अमेरिकेवर येतोच. प्रोफेशनल टेनिसचा खर्च झेपत नाही, खेळ सोडवत नाही आणि शिक्षणही नीट व्हायला हवं, अशा घरांसाठी तिथलं कॉलेज टेनिस हा खरोखर चांगला मार्ग आहे. महेश भूपतीने १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळताना एनसीएएचं, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेचं, दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा एकेरीचं विजेतेपद जिंकलं. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या जोडीने मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला.

नियमांचं पुस्तक मात्र जाडजूड आहे. ते उघडण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली तर निम्मा गोंधळ कमी होतो. काही नियम तिथल्या कॉलेजच्या कोचला बांधतात: त्याने फोन कधी करायचा, भेटायचं कधी, लेखी काय द्यायचं. ते पाळण्याची जबाबदारी मुख्यतः विद्यापीठाची असते. दुसरे नियम खेळाडूला बांधतात: बारावीनंतर किती महिने थांबलात, बक्षिसाचे किती पैसे घेतले, दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नाव घातलं होतं का. यातलं काही चुकलं, तर कोच कितीही उत्सुक असला तरी वर्ष मुलाचं जातं. आपल्याकडे चौकशी बहुतेक पहिल्या प्रकाराची होते आणि नुकसान दुसऱ्या प्रकारात होतं.

पहिली पायरी: कुठल्या पातळीवर खेळायचं ते ओळखा

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे खेळ एनसीएए या संस्थेखाली चालतात. तिचे तीन विभाग आहेत. डिव्हिजन वनमध्ये सर्वांत तगडी स्पर्धा आणि खेळासाठी स्कॉलरशिप. डिव्हिजन टूमध्येही खेळाची स्कॉलरशिप असते, पण बहुधा अर्धीमुर्धी. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. मिळते ती गुणवत्तेवर किंवा घरच्या आर्थिक परिस्थितीवर आधारलेली मदत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीगची विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये खेळतात, पण खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही वेगळी संघटना आहे, तिची कॉलेजं आकाराने लहान आणि नियमांनी सैल. दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी एनजेसीएए आहे.

डिव्हिजन थ्री म्हटलं की आपल्याकडे लोक तोंड वाकडं करतात. मला ते पटत नाही. शिकागो, एमोरी, एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट ही सगळी डिव्हिजन थ्रीमधलीच. तिथल्या वरच्या संघांचं टेनिस डिव्हिजन वनच्या कितीतरी संघांपेक्षा सरस असतं. त्यातही एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्टसारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश त्याची ऐपत न पाहता ठरतो, आणि मग गरजेइतकी मदत दिली जाते. अभ्यासात खरोखर हुशार आणि घरची कमाई बेताची, अशा मुलासाठी ही दारं कित्येकदा डिव्हिजन वनच्या अर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा स्वस्त पडतात.

पातळी जोखायला अमेरिकन कोच मुख्यतः यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) बघतो. हे १ ते १६.५० या पट्टीवरचं रेटिंग आहे. आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा) वर्ल्ड टेनिस नंबरही बघतात, तो ४० पासून खाली १ पर्यंत येतो. एआयटीएचं (अखिल भारतीय टेनिस संघटनेचं) रँकिंग त्याला फारसं काही सांगत नाही. सोळा वर्षांखालच्या राज्य स्पर्धेत मुलगा पहिला आला, हे आपल्यासाठी मोठं असलं तरी टेनेसीतल्या कोचला त्याचा अंदाज यूटीआरवरूनच येतो. म्हणून यूटीआरमध्ये धरल्या जाणाऱ्या स्पर्धा खेळा आणि आयटीएफ ज्युनियरच्या भारतात होणाऱ्या स्पर्धा शक्य तेवढ्या गाठा.

मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संघाची यादी उघडा. कॉलेजच्या लढतीत तीन दुहेरीचे सामने मिळून एक गुण आणि एकेरीच्या सहा सामन्यांचा प्रत्येकी एक, असे एकूण सात गुण असतात. चार मिळाले की लढत जिंकली. म्हणजे कोचला एकेरीत सहा जण उभे करायचे असतात. संघातल्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या खेळाडूचा यूटीआर पाहा. तुमच्या मुलीचा त्याच्या आसपास असेल तर तिथे पत्र लिहिण्यात अर्थ आहे. शिवाय यादीत शेवटच्या वर्षाला कोण आहे तेही बघा. ती प्रवेश घेईल त्या वर्षी किती जागा रिकाम्या होणार, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

दुसरी पायरी: तारखा भिंतीवर लावा

अमेरिकेतल्या नववी ते बारावीला फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर म्हणतात. आपली नववी-दहावी-अकरावी-बारावी त्यांच्याशी सरळ जुळते. डिव्हिजन वन टेनिससाठी दोन तारखा महत्त्वाच्या: दहावी संपल्यानंतरचा १५ जून आणि अकरावी सुरू होतानाचा १ ऑगस्ट. १५ जूनपासून कोच ईमेल, मेसेज, फोन करू शकतो आणि तोंडी ऑफर देऊ शकतो. १ ऑगस्टपासून मूल विद्यापीठाच्या अधिकृत, म्हणजे विद्यापीठाच्या खर्चाने होणाऱ्या, भेटीला जाऊ शकतं आणि कोचही कॅम्पसबाहेर येऊन भेटू शकतो.

समजा, पुण्यातली एक मुलगी मार्च २०२६ मध्ये दहावीची परीक्षा देते. १५ जून २०२६ पासून कोच तिला उत्तर देऊ शकतील. १ ऑगस्ट २०२६ पासून भेटी सुरू. १ ऑगस्ट २०२७ ला, बारावीत, स्कॉलरशिपची लेखी ऑफर देता येते. नोव्हेंबर २०२७ मध्ये करारावर सह्या. फेब्रुवारी-मार्च २०२८ मध्ये बारावीची परीक्षा, मेमध्ये निकाल, ऑगस्टमध्ये अमेरिकेतलं पहिलं सत्र. हा तक्ता स्वतःच्या मुलाच्या वर्षांनी भरून घ्या. पुढची सगळी कामं त्यावरच टांगलेली आहेत.

डिव्हिजन टूमध्ये फोन, भेटी, सगळं दहावीनंतरच्या १५ जूनपासूनच सुरू होतं. डिव्हिजन थ्रीचा कोच कधीही लिहू शकतो, फक्त अधिकृत भेट अकरावीच्या वर्षातल्या १ जानेवारीनंतर. एनएआयएमध्ये अशा तारखांची फारशी अडचण नाही.

आता याच नियमाची दुसरी बाजू. या तारखा कोचसाठी आहेत. तुमच्या मुलीने नववीत पत्र पाठवलं तर कुठलाच नियम मोडत नाही. १५ जूनपूर्वी डिव्हिजन वनचा कोच फार तर माहितीचा फॉर्म, कॅम्पचं पत्रक किंवा ‘सध्या आम्हाला बोलता येत नाही’ एवढं उत्तर पाठवू शकतो. फोन केलात तर त्याला तुमच्याशी बोलताही येत नाही. ही शांतता म्हणजे नकार नाही. पत्र वाचलं जातं, नाव नोंदलं जातं, निकाल पाहिले जातात. कित्येक चांगल्या कोचेसची यादी १५ जूनच्या सकाळी तयार असते. त्या यादीत असायचं तर पत्र त्याआधी पोचायला हवं.

तिसरी पायरी: पत्र मुलानेच लिहायचं

‘माझा मुलगा अतिशय मेहनती आहे’ अशी वडिलांची पत्रं कोचच्या इनबॉक्समध्ये ढिगाने येतात. कोचला चार वर्षं मुलाबरोबर काढायची असतात, म्हणून त्याला मुलाचा आवाज ऐकायचा असतो. इंग्रजी थोडं अडखळतं असलं तरी चालेल.

विषयाच्या ओळीत चार गोष्टी: नाव, बारावी पूर्ण होण्याचं वर्ष, यूटीआर, देश. एवढ्यावरून कोच ठरवतो उघडायचं की नाही. आत पहिल्या परिच्छेदात मी कोण, कुठे राहतो, कुठल्या कोचकडे खेळतो. दुसऱ्यात गेल्या सहा महिन्यांतले दोन-तीन निकाल, त्यात चांगल्या खेळाडूशी झालेली एखादी हारही, स्कोअरसकट. तिसऱ्यात शाळा, बोर्ड, नववी-दहावीचे गुण आणि पुढे काय शिकायचंय. चौथ्यात याच विद्यापीठाला का लिहितोय, आणि इथे त्या संघाबद्दल एखादी नेमकी गोष्ट हवी. शेवटी यूटीआर प्रोफाइल आणि व्हिडिओची लिंक. संपलं. तेच पत्र साठ कोचना एकाच वेळी सीसी करून पाठवलेलं दिसलं तर ते कोणीच वाचत नाही.

व्हिडिओसाठी ड्रोन, संगीत, स्लो मोशन यावर पैसे घालवू नका. कॅमेरा बेसलाइनच्या मागच्या जाळीवर उंच बांधा, दोन्ही बाजूंचं पूर्ण कोर्ट दिसलं पाहिजे. सुरुवातीला दोन मिनिटं फोरहँड, बॅकहँड, सर्व्ह, व्हॉली. नंतर खऱ्या सामन्यातले दोन-तीन गेम, एकही कट न मारता, हरलेल्या पॉइंटसह. कोच पाहतो ते पॉइंट संपल्यावर मूल काय करतं, दुसऱ्या सर्व्हवर घाबरतं का, चेंडू आणायला कसं चालत जातं. निवडक विनर्स जोडलेल्या फिल्ममधून यातलं काहीच दिसत नाही.

दर सहा-आठ आठवड्यांनी चार ओळींची नवी माहिती पाठवा. नवा निकाल, नवा यूटीआर, पुढची स्पर्धा. एवढं पुरे.

चौथी पायरी: खेळाडूला अडकवणारे नियम

या भागावर मी सर्वांत जास्त जोर देतो.

बारावीनंतरच्या गॅपचा नियम आधी घेऊ. ‘बारावी झाली, एक वर्ष पूर्ण वेळ टेनिस खेळू, रेटिंग वाढवू, मग जाऊ’ हा विचार आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात होतो. डिव्हिजन वन टेनिसमध्ये तो महागात पडतो. बारावी पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, किंवा ते संपल्यावर येणाऱ्या पहिल्या सत्रात, पूर्णवेळ प्रवेश घ्यायला हवा. मुदतीनंतर बाहेर राहून स्पर्धा खेळलात तर खेळण्याच्या चार हंगामांतला एक कापला जातो आणि विद्यापीठात गेल्यावर पहिलं वर्ष न खेळता काढावं लागतं. वरच्या मुलीचं उदाहरण घ्या: तिची बारावी मे २०२८ ला संपली, म्हणजे सहा महिने नोव्हेंबरमध्ये. ऑगस्ट २०२८ ला गेली तर प्रश्न नाही. जानेवारी २०२९ च्या सत्रालाही ठीक. ऑगस्ट २०२९ पर्यंत थांबून मधल्या काळात स्पर्धा खेळली, तर अडकली. बारावीची परीक्षा पुढे ढकलून मुदत वाढेल असंही समजू नका. शिक्षण नेहमीच्या वेळात पूर्ण झालं असतं तर तारीख कुठली आली असती, तेही पाहिलं जातं. नववी ते बारावी चार वर्षांत संपवा.

दुसरा सापळा त्याहून भोळा. अमेरिकेचं अजून नक्की नाही, म्हणून ‘सेफ्टी’ म्हणून इथे एफवायबीकॉमला प्रवेश घेतला जातो. डिव्हिजन वनमध्ये चार हंगाम खेळायला पाच वर्षांची मुदत असते आणि ती जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून वर्ग सुरू झाले की धावू लागते. पुण्यातल्या कॉलेजचं वर्षही त्यात धरलं जातं. शिवाय मूल मग नवा विद्यार्थी न राहता ट्रान्स्फर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेलं, ठरतं आणि त्याला वेगळे शैक्षणिक निकष लागतात. प्रवेश घेण्यापूर्वी ज्या विद्यापीठाशी बोलणं चालू आहे त्यांच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या कार्यालयाला) ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फॉर्म भरताना आणखी एक काळजी: महाराष्ट्रातलं अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज हे एनसीएएच्या हिशेबात हायस्कूल आहे. ते ‘कॉलेज’च्या रकान्यात लिहू नका.

तिसरी गोष्ट बक्षिसाच्या रकमेची. प्रवेशापूर्वी टेनिसपटूला एका कॅलेंडर वर्षात एकूण १०,००० डॉलरपर्यंत बक्षीस घेता येतं, असा नियम अनेक वर्षं चालत आला. त्यापुढे प्रत्येक स्पर्धेत फक्त प्रत्यक्ष झालेल्या आवश्यक खर्चाइतकंच घ्यायचं. २०२४ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या रीस ब्रँटमायरने बक्षिसाच्या रकमेवरच्या निर्बंधांना न्यायालयात आव्हान दिलं आणि तेव्हापासून ते बदलाच्या वाटेवर आहेत. म्हणून रक्कम हातात घेण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम एनसीएएच्या संकेतस्थळावर वाचा. आपल्याकडे १५ हजार डॉलरच्या आयटीएफ स्पर्धा आणि एआयटीएच्या बक्षीस स्पर्धा खेळणाऱ्या मुलांची वर्षाची बेरीज बहुधा मर्यादेच्या खूप खाली राहते. त्यांना अडचण येते ती हिशेब न ठेवल्याची. एक साधी वही करा: तारीख, स्पर्धेचं नाव, गाव, बक्षीस, प्रवास, हॉटेल, एंट्री फी, स्ट्रिंगिंग. पावत्यांचे फोटो काढून ठेवा. खेळाडूची पात्रता तपासणारं एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर जेव्हा खेळाचा इतिहास विचारतं, तेव्हा ही वही उपयोगी पडते.

चौथी गोष्ट कन्सल्टंटची. ठरावीक फी घेऊन माहिती देणारा, व्हिडिओ बनवणारा, कोचशी ओळख करून देणारा चालतो. ‘जितकी स्कॉलरशिप मिळवून देईन त्याच्या इतके टक्के’ असा करार मात्र चालत नाही. त्यामुळे मुलाची पात्रताच धोक्यात येते. असा कागद समोर आला तर सही करू नका, मग माणूस कितीही ओळखीचा असो. आणि हा लेख वाचून जे काम होतं त्यासाठी लाखो रुपये मोजायची गरजही नाही.

पाचवी पायरी: अभ्यासाचा हिशेब नववीपासून

डिव्हिजन वन आणि टूसाठी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरकडून शैक्षणिक आणि हौशीपणाचा (खेळाडू व्यावसायिक नसल्याचा) असे दोन दाखले लागतात. खातं नववी-दहावीतच उघडून ठेवा. नववीपासून बारावीपर्यंत १६ ‘कोअर’, म्हणजे मुख्य, विषय-वर्षं हवीत: एक विषय वर्षभर शिकला की एक. डिव्हिजन वनसाठी त्यात इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, या तिन्हींपैकी आणखी एक, समाजशास्त्रं दोन आणि उरलेली चार मान्य विषयांतली. सरासरी चारपैकी किमान २.३, डिव्हिजन टूला २.२. एनसीएएने जानेवारी २०२३ पासून एसएटी-एसीटीची अट काढून टाकली आहे, पण विद्यापीठ स्वतः मागू शकतं. एमआयटी, येल, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन यांनी ती पुन्हा सुरू केली. त्यामुळे एसएटी अकरावीत देऊन ठेवणंच शहाणपणाचं. इंग्रजीच्या परीक्षेचंही तसंच.

महाराष्ट्रात अडचण होते ती शाखा निवडताना. खेळाला वेळ मिळावा म्हणून अकरावीत कला शाखा घेतली, किंवा वाणिज्य घेऊन गणित सोडलं, की हातात नववी-दहावीचंच गणित उरतं. तीन वर्षांच्या गणिताचा निकष ध्यानात ठेवूनच अकरावीचे विषय निवडा. कित्येक खेळाडू एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देतात. सरावासाठी ते सोयीचं आहे, पण दूरस्थ शिक्षणाचे विषय एनसीएए वेगळ्या कसोट्यांवर तपासतं. प्रवेश घेण्यापूर्वीच एलिजिबिलिटी सेंटरला लेखी विचारून घ्या.

आणि नववी, अकरावीची प्रगतिपुस्तकं! बोर्डाच्या मार्कशीट सगळे लॅमिनेट करून ठेवतात, पण नववीचा निकाल कपाटात सापडत नाही. नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाचा कागद लागतो. अकॅडमीसाठी शाळा बदलली असेल तर जुन्या शाळेतून शिक्क्यासह प्रत आजच आणा. कागद मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

न्यू जर्सी, टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या मराठी मुलांना यात एक जादा अट आहे. १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले. त्यांचे गुण नंतर सुधारता येत नाहीत. शाळेच्या काउन्सेलरकडून मान्य विषयांची यादी नववीतच घ्या.

सहावी पायरी: भेट

अधिकृत भेटीचा खर्च विद्यापीठ करतं: प्रवास, राहणं, जेवण. डिव्हिजन वनमध्ये २०२३ पासून एकूण भेटींवर मर्यादा राहिलेली नाही, पण एका विद्यापीठात साधारणपणे एकच. भारतातून विमानाचं तिकीट सगळेच कोच काढत नाहीत, बरंच काम व्हिडिओ कॉलवर होतं. आपल्या खर्चाने जायचं ठरलं तर दोन-तीन विद्यापीठं एका फेरीत बसवा आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा, म्हणजे संघाची खरी लढत पाहायला मिळेल. संघातल्या मुलांशी कोच नसताना बोला. परीक्षेच्या आठवड्यात प्रवास असेल तर काय होतं, दुखापत झाली तेव्हा कोच कसा वागला, गेल्या दोन वर्षांत कोण संघ सोडून गेलं, हे त्यांना विचारा.

सातवी पायरी: ऑफर आणि पैसे

तोंडी ऑफर आणि तोंडी होकार, दोन्ही कुणालाच बांधत नाहीत. कोच नोकरी बदलू शकतो, विद्यापीठ हात आखडू शकतं. बांधतो तो फक्त सही झालेला आर्थिक मदतीचा करार. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद असायचा. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा या कराराने घेतली. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्रीमध्ये असा खेळाचा करारच नसतो. तिथे प्रवेश कार्यालय मुलाचे गुण आधी चाळून कोचला अंदाज देतं. प्रवेशपत्र येईपर्यंत काहीच पक्कं धरू नये.

स्कॉलरशिपचं गणित अलीकडेच पार बदललंय. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या संघाला मिळून ४.५ स्कॉलरशिप असत आणि कोच त्या आठ-दहा मुलांत वाटायचा. मुलींच्या संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप होत्या. शिक्षणात मुला-मुलींत भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या पुरुष-संघाचा तोल मुलींच्या खेळांत साधावा लागायचा. म्हणूनच चांगल्या भारतीय मुलीला पूर्ण स्कॉलरशिप मिळणं तिच्याच पातळीच्या मुलापेक्षा सोपं होतं. ६ जून २०२५ रोजी खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस विरुद्ध एनसीएए खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि १ जुलैपासून तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपची मर्यादा गेली, खेळाडूंच्या संख्येची आली. टेनिसमध्ये संघात जास्तीत जास्त दहा. दहाही जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण द्यायलाच हवी असं नाही. पैसा फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळतोय आणि काही ठिकाणी टेनिस संघ बंदही झाले. तडजोडीत न आलेल्या विद्यापीठांना जुनीच मर्यादा लागू आहे. त्यात ट्रान्स्फरचे नियम सैल झाल्याने कोचला दुसऱ्या विद्यापीठातून तयार खेळाडू मिळतो. शाळेतून येणाऱ्या नवख्यासाठी जागा घटल्यात, आणि डिव्हिजन वनमधले निम्म्याहून अधिक टेनिसपटू आधीच परदेशी आहेत.

म्हणून ऑफर आली की कोचला सरळ विचारा. विद्यापीठ तडजोडीत सामील आहे का? माझ्या वर्षी किती जणांना घेताय? मला लाइनअपमध्ये कुठे बघता? रक्कम दरवर्षी किती आणि करार किती वर्षांचा? दुखापत झाली तर? फी वाढली तर स्कॉलरशिप वाढेल का? कोचला या प्रश्नांचा राग येत नाही. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे मूल पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टक्क्यांवर जाऊ नका, वर्षाला घरून किती द्यायचे ते लिहा. एका विद्यापीठाचा एकूण खर्च ८५,००० डॉलर आणि स्कॉलरशिप ६० टक्के, म्हणजे घरून ३४,०००. दुसऱ्याचा खर्च ४०,००० आणि स्कॉलरशिप ४० टक्केच, तरी घरून २४,०००. ‘साठ टक्के मिळाले’ हे सांगायला छान वाटतं, पण चार वर्षांत फरक ४०,००० डॉलरचा पडतो. गुणांवरची स्कॉलरशिप खेळाच्या स्कॉलरशिपबरोबर मिळते का तेही विचारा. उन्हाळ्यातला खर्च, आरोग्यविमा, विमानाचं तिकीट वेगळं धरा.

फुल स्कॉलरशिपवाल्यांनाही एक धक्का बसतो. राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या रकमेवर एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याचा १४ टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करकराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मागता येतं, त्यामुळे वेळेवर रिटर्न भरलं की बऱ्याचदा मोठा भाग परत मिळतो. आणि नाव-प्रतिमेच्या जाहिरातींतून अमेरिकन सहकारी कमावतात ते पाहून हुरळून जाऊ नका. एफ-वन व्हिसावर काम करून कमावण्याला कडक बंधनं आहेत. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला न विचारता कुठल्याही ब्रँडशी करार केला तर व्हिसा जाऊ शकतो.

शेवटचे महिने

करारावर सही झाली की बोर्डाच्या परीक्षेकडे लक्ष द्या. अंतिम दाखला बारावीच्या निकालावरच मिळतो. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी १ एप्रिलपासून एलिजिबिलिटी सेंटरच्या खात्यात शिरून हौशीपणाच्या अंतिम दाखल्याची मागणी नोंदवायची असते. हे बटण दाबायचं राहून गेलं की संघासोबतचा सराव अडतो. विद्यापीठाकडून आय-२० (प्रवेशाचा, व्हिसासाठी लागणारा) फॉर्म आला की सेव्हिस ही परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची फी भरा, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरा आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीची मुलाखतीची तारीख लगेच घ्या. मे-जूनमध्ये तारखांची टंचाई असते. मुलाखतीला जाताना स्कॉलरशिपचा करार, आय-२० आणि घरून द्यायच्या रकमेचा पुरावा एकाच फाइलमध्ये ठेवा. तिन्हींवरचे आकडे आदल्या दिवशी एकमेकांशी ताडून बघा, आणि तफावत दिसली तर विद्यापीठाकडून मुलाखतीआधीच दुरुस्त करून घ्या.